हौदाकाठचा युरोप

युरोपात काय पाहावं हे लोकांनी मला विचारू नये, असं माझं प्रांजळ मत आहे. मी युरोप पाहिलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. जुन्या पासपोर्टवर शिक्के आहेत, तळघरात अल्बम आहे आणि शोकेसमध्ये एक पितळी आयफेल टॉवर आहे. त्या टॉवरला माझी बायको सुवर्णा गेली कित्येक वर्षं आपल्या बांगड्या अडकवून ठेवते. पण पाहणं वेगळं आणि कुणी विचारल्यावर सांगता येणं वेगळं. हे मला मार्च महिन्यात कळलं, आणि ते आमच्या मुलीमुळे कळलं.

आम्ही अमेरिकेत राहतो, आणि इला इथल्याच ॲन आर्बरला कॉलेजात शिकते. या वर्षी तिची एक टर्म म्युनिकला होती. जाऊन आठवडा झाला नसेल तर तिचा फोन आला.

"बाबा, यू गाइज युरोपला गेला होतात ना? मला टूरिस्टी काही नकोय. आय वॉन्ट द हिडन स्टफ. कुणाला माहीत नसलेलं."

आता वीस वर्षांच्या मुलीने बापाला आपण होऊन काही विचारणं ही आमच्या घरात दिवाळी-दसऱ्यासारखी गोष्ट आहे. एरवी तिला सगळं फोन सांगतो, आणि मला ती सांगते. माझी छाती फुगली. "शनिवारपर्यंत देतो," असं मी भारदस्त आवाजात सांगितलं आणि अल्बम काढायला तळघरात उतरलो.

अल्बम उघडला आणि माझ्या लक्षात आलं की आमचा युरोप खरोखरच हिडन होता. तो आमच्या पाठीमागे होता.

त्या काळी फोटो काढायची आपली एक पद्धत होती. माणूस मधोमध उभा राहणार आणि पायापर्यंत आला पाहिजे, कारण बूट नवीन घेतलेले असत. मागे जे काय असेल ते उरलेल्या जागेत मावलं तर मावलं. त्यामुळे पॅरिसच्या फोटोत सुवर्णाच्या अंबाड्यातून लोखंडाची एक सळई वर आलेली दिसते, तो आयफेल टॉवर. रोममध्ये माझ्या दोन कानांच्या बाजूंना दगडी कमानी आहेत. ते कलोसियम असावं, किंवा एखादा जुना गोठाही असू शकेल.

हे झाले प्रेक्षणीय स्थळांचे फोटो. ते थोडेच होते. बाकीचा सगळा अल्बम पार्किंगचा होता.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आम्ही गेलो होतो ती मराठी ग्रूप टूर होती, बसबरोबर स्वतःचे महाराज म्हणजे आचारी घेऊन निघालेली. दुपारी बारा वाजले की जगप्रसिद्ध कॅथीड्रल समोर असो नाहीतर नसो, बस एखाद्या पार्किंगच्या कडेला लागायची, महाराज डिकीतून पातेली काढायचे आणि चाळीस मराठी माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. खरी सहल तिथे व्हायची. गप्पा तिथे, ओळखी तिथे, भांडणं तिथे. म्हणून फोटोही तिथेच. आजही मला शहरं जेवणावरून आठवतात. व्हेनिस म्हणजे भरली वांगी. फ्लॉरेन्सला पिठलं होतं आणि ते फार पातळ होतं, याबद्दल माझी आजही तक्रार आहे.

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही पाहिलं काय? तर मी मनोरे पाहिले. फुकट चढता येणारा मनोरा दिसला की मी सुवर्णाला घेऊन चढलोच. त्यातला एक चढताना तर माझ्या अंगात नागपूरचं रक्त उसळलं होतं. गार वारा सुटलेला, आणि खाली पार्किंगमध्ये आमच्याबरोबर आलेली माझी आई एकटी बसलेली. तिला आमच्यात असल्यासारखं वाटावं म्हणून मी वर पोचल्यावर अंगातला स्वेटर काढून हवेत फिरवायचं ठरवलं. स्वेटर नारिंगी होता, आईनेच विणलेला, आणि तिच्या मापाच्या अंदाजाप्रमाणे मी कायम बारावीत असल्याने अंगाला घट्ट. तो ओढून काढला तो आतल्या टीशर्टला घेऊनच निघाला. युरोपच्या आकाशाखाली मी बनियनवर उभा होतो, पण हात थांबवला नाही. तेवढ्यात तिथल्या रखवालदाराने मला दंडाला धरून, सगळ्यांच्या देखत, जिन्यापर्यंत पोचवलं. मागून सुवर्णा मी तिच्या ओळखीचा नसल्यासारखी येत होती.

खाली आल्यावर मी आईला विचारलं, "दिसलो का गं?"

"नाही रे बाबा, मला काही दिसलं नाही," आई म्हणाली. "मोतीबिंदू वाढलाय." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून तिने माझ्या हातात ताट दिलं.

बनियनपुरतं बरं वाटलं. पण वाईटही फार वाटलं. तो मनोरा कुठल्या गावातला होता हेही मला आठवत नाही, कारण तोवर मी गावांची नावं विचारणं सोडलं होतं.

असो. अल्बमच्या शेवटाकडे आलो आणि तो फोटो निघाला.

फोटो आईचा होता. आता आमची आई कॅमेरा दिसला की ओठ मिटून, नजर सरळ, श्वास रोखून बसायची. आधार कार्ड निघण्याच्या कितीतरी आधीपासून ती आधार कार्डासारखेच फोटो काढून घ्यायची. लग्नातले, बारशातले, माझ्या पदवीचे, सगळे फोटो तसेच. आणि या एका फोटोत ती हसत होती. साधं नाही, तोंड उघडून, डोळे बारीक करून, एक हात छातीवर ठेवून हसत होती. दगडी हौदाच्या काठावर ती बसलेली, मांडीवर ताटली, मागे आमच्या बसचं चाक, आणि मान वर करून फोटोच्या बाहेर कुठेतरी बघत होती. फोटो अंमळ तिरका होता. तो महाराजांनी काढलेला असणार, कारण वर मनोऱ्यावर जाताना मी कॅमेरा आईकडे सांभाळायला देत असे.

मी तळघरातल्या खोक्यावर बसून राहिलो.

सांगतो, का ते. आईचे गुडघे गेलेले होते. रोमच्या पहिल्याच दिवशी ते बोलायला लागले. तेव्हापासून प्रत्येक गावात मी तेच म्हणालो, "तू बस इथे, आम्ही पटकन बघून येतो." त्या पटकनचे कधी दोन-दोन तास व्हायचे. नागपूरला परत गेल्यावर शेजारच्या बायकांनी तिला विचारलं, काय काय पाहिलंत? आई म्हणाली, "स्वच्छता फार." बास. पुढच्या वर्षी आम्ही अमेरिकेत आलो, आणि इला सहा वर्षांची असताना आई गेली. मी आईला हौसेने युरोपला नेलं आणि पार्किंग दाखवून परत आणलं, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. आणि आता हा फोटो! म्हणजे एका तरी गावात तिला असं काही दिसलं होतं की ती पोट धरून हसली. ते काय होतं, हे मला कळायलाच हवं होतं.

मी फोटोचा फोटो काढून इलाला पाठवला. लगेच फोन.

"बाबा! आजी इज लाफिंग! व्हेअर इज धिस?"

"माहीत नाही."

"तू होतास ना तिथे?"

"मी बहुतेक मनोऱ्यावर होतो."

"ओके, धिस इज द हिडन स्टफ," इला म्हणाली. "फाइंड आउट. मी जाते तिथे."

इथपर्यंत हे प्रकरण घरातल्या घरात होतं. पण त्याच संध्याकाळी केदार आमचं ड्रिल परत करायला आला. केदार म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. पुण्याचा, अडतीस वर्षांचा, आणि रिकामा वेळ दिसला की त्याच्यावर कार्यक्रम ठेवणारा. टेबलावर पसरलेले फोटो बघून त्याचे डोळे चमकले. एप्रिलच्या कार्यक्रमाला येणाऱ्या गायिकेचा व्हिसा अडकला होता.

"संजयदादा, तुम्हीच करा ना यार. स्लाइड शो. 'अपरिचित युरोप'!"

मी नको म्हणालो. म्हणजे, माणूस पहिल्यांदा म्हणतो तेवढंच म्हणालो. रात्रीच्या जेवणाआधी व्हॉट्सॲपवर फ्लायर आला. 'अपरिचित युरोप : एक रसास्वाद. सादरकर्ते, ज्येष्ठ प्रवासी श्री. संजय.' ज्येष्ठ हा शब्द मला झोंबला. वर एका किल्ल्याचं चित्र होतं. तो किल्ला युरोपातला नसून कुठल्यातरी करमणुकीच्या बागेतला आहे, हे देवानंदने लगेच ग्रूपवर लिहिलं. देवानंद माझा नागपूरपासूनचा मित्र, स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि माझ्या फजितीचा जुना वर्गणीदार.

मग हॉलचं सुरू झालं. गावातला जो हॉल आम्हाला परवडतो, त्यांनी अर्ज पाठवला. कार्यक्रमामुळे कुणाला इजा झाल्यास जबाबदार कोण, त्याचा विमा हवा होता. मी फोन करून सांगितलं की मी फक्त बोलणार आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, दीड तास. त्या म्हणाल्या, "मग विमा लागेल." खाण्याच्या बाबतीत फक्त 'हलका उपाहार' चालेल असा नियम होता. आमच्या कमिटीने साबुदाणा वडा हलका आहे की नाही यावर एक झूम मीटिंग घेतली. युरोपबद्दल अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

विचारत होतो तो मीच. आईचा फोटो कुठला हे कार्यक्रमाआधी शोधायचं म्हणून एका रविवारी केदार, त्याची आई वसुधाकाकू आणि देवानंद आमच्याकडे जमले. वसुधाकाकू सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि चार महिन्यांत त्यांनी आमच्या श्रूजबरी गावातली सगळी मराठी घरं आतून पाहिली होती. केदारने फोटो आमच्या मोठ्या टीव्हीवर लावला आणि वाढवत वाढवत नेला. आई बाजूला गेली, हौद बाजूला गेला, आणि अख्ख्या पडद्यावर आईच्या मांडीवरची ताटली आली.

"खिचडी," वसुधाकाकू म्हणाल्या. "साबुदाण्याची."

"पोहे असतील," देवानंद म्हणाला.

"अहो, पोहे आणि साबुदाणा मला ओळखू येणार नाही? पन्नास वर्षं काय केलं मी? आणि शेजारी बघा, दाण्याचं कूट. उपास आहे हा. एकादशीच!"

केदार उडालाच. त्याने फोनवर पंचांगाचं ॲप काढलं, माझ्या पासपोर्टवरून रोमला उतरल्याची तारीख घेतली, एकादशी कधी ते पाहिलं, आणि बोटांवर मोजत मोजत टूरचा क्रम लावला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आणि एकादशीला इन्सब्रुक! मी टाळी वाजवली. माणसाने चंद्रावर यान पाठवण्याआधी आमच्यासारखी चार डोकी एकत्र बसवायला हवी होती.

सुवर्णा चहा घेऊन आली होती. "अहो, पण..." ती म्हणाली.

"थांब जरा, महत्त्वाचं चाललंय," मी म्हणालो.

ती पुन्हा एकदा "अहो, पण" म्हणाली आणि मग बिस्किटं आणायला गेली.

देवानंद एकटाच फोटोकडे बघत बसला होता. "गाव मिळेल रे," तो म्हणाला. "पण त्या कशाला हसतायत?"

"तेच बघायला तर पोरगी चाललीय," मी म्हणालो.

इला शनिवारी इन्सब्रुकला गेली. तिच्या मैत्रिणी त्याच शनिवारी कुठल्याशा सरोवरावर गेल्या होत्या, ते सोडून गेली. दिवसभर पाऊस. तिने तिथली तीन पार्किंग पालथी घातली. हौद नाही. तिसऱ्या ठिकाणी पावत्या तपासणाऱ्या गृहस्थाने तिला विचारलं की बाई, तू रिकाम्या पार्किंगचे फोटो का काढतेयस? तिने सांगितलं, माझी आजी इथे हसली होती. त्याने तिला आपल्या केबिनमध्ये बसवून गरम चहा दिला, पण वेडीकडे बघावं तशी तिच्याकडे बघण्याची त्याची तऱ्हा तिला आवडली नाही.

"बाबा, देअर इज नो हौद," ती फोनवर म्हणाली. आवाज रडवेला होता. "मे बी इट्स गॉन. माझ्या मिडटर्म एक्झाम्स येतायत. आय कान्ट कीप डूइंग धिस."

मी म्हटलं, असू दे बेटा, राहू दे. फोन ठेवला आणि अल्बमही परत खोक्यात ठेवला.

कार्यक्रम मात्र टळणार नव्हता. विमा काढला होता.

हॉल भरला. वूस्टरहून, थेट बॉस्टनकडूनही माणसं आली. वडे आहेत हे फ्लायरवर ठळक लिहिलं होतं, त्याचा परिणाम. केदारने माझी ओळख करून द्यायला इतका वेळ घेतला की मला माझ्याबद्दल बऱ्याच नवीन गोष्टी समजल्या. मग दिवे मंद झाले आणि मी पहिला फोटो लावला.

"हे रोमचं जगप्रसिद्ध..." मी म्हणालो.

"वहिनींना जरा बाजूला व्हायला सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा. दुसरा फोटो. पुन्हा हशा. व्हेनिसच्या फोटोत मी इतका भरून राहिलो होतो की पाणी नावालाही नव्हतं. तरी मी ते शहर पाण्यावर वसलं आहे असं सांगत होतो, आणि पुढच्या रांगेतला एक लहान मुलगा आईला विचारत होता, "व्हेअर?" माझे कान तापले. वीस मिनिटांत माझी सगळी इभ्रत वड्याबरोबर खाऊन झाली होती. आवरतं घ्यावं म्हणून मी घाईघाईने बटण दाबलं, तर दोनदा दाबलं गेलं, आणि जो दाखवायचा नाही असं ठरवलं होतं तोच फोटो पडद्यावर आला. आई, हौदाच्या काठावर, हसणारी.

मी बंद करणार, इतक्यात मागच्या रांगेतून एका काकूंचा आवाज आला.

"अगंबाई! हा तर आपला हौद!"

आणि मग काय विचारता! कलोसियम ज्यांना ओळखता आलं नव्हतं ती माणसं खुर्च्यांवरून उठली.

"अहो, इथेच आम्ही डबे धुतले!"

"आमच्या वेळी वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली होती."

"आमच्या वेळीपण! निळं घर ना?"

"माझा चमचा पडला त्यात. चांदीचा होता, आजेसासूबाईंचा."

"तुमचा होता होय तो? आम्हाला सापडला होता, आम्ही टूर मॅनेजरकडे दिला!"

निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या कंपन्यांबरोबर गेलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारायची बाकी होती. अख्ख्या युरोपात मराठी माणसाने मनापासून ओळखलेलं एकच स्थळ होतं, आणि ते माझ्या अल्बममध्ये निघालं. मी माइकवरून ओरडून विचारलं, "पण गाव कुठलं?"

तिथे पुन्हा घोळ. कुणी झुरिक म्हणे, कुणी इंटरलाकन. एक गृहस्थ बर्नवर पैज लावायला तयार होते. वसुधाकाकू पहिल्या रांगेतून ठासून म्हणाल्या, "एकादशी होती. इन्सब्रुक."

"लुसर्न," सुवर्णा म्हणाली.

ती वड्यांच्या टेबलापाशी उभी होती. हातात चिमटा होता.

"कशावरून?" मी म्हणालो.

"त्या वेळी दोन एकादश्या लागोपाठच्या दिवशी आल्या होत्या. स्मार्त आणि भागवत. आई भागवत करायच्या. इन्सब्रुकला त्या आपल्याबरोबर वरणभात जेवल्या. खिचडी महाराजांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुरती केली. दुसऱ्या दिवशी आपण लुसर्नला होतो."

वसुधाकाकूंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई, भागवत! माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग तू आधी का नाही बोललीस?" मी माइक हातात असल्याचं विसरून विचारलं.

"मी दोनदा 'अहो, पण' म्हणाले होते," सुवर्णा म्हणाली.

त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तेवढा माझ्या सगळ्या भाषणात एकूण मिळून झाला नव्हता. लोकांनी तिला पुढे आणलं, तिच्याबरोबर फोटो काढले. पायापर्यंत.

हॉल झाडून घेताना देवानंद माझ्याजवळ आला. "गाव मिळालं," तो म्हणाला. "आता सांग, हसतायत कशाला?"

मी खुर्च्या रचायला लागलो. पोरीला पुन्हा जा म्हणायला तोंड नव्हतं. पण झालं असं की कार्यक्रम केदारने ऑनलाइन दाखवला होता आणि इला म्युनिकमध्ये तो बघत होती. तिने आम्हाला विचारलंही नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो. व्हिडिओ कॉल आला. आमच्या डेकवर तेव्हा ऊन होतं, पण एप्रिल संपत आला तरी श्रूजबरीची थंडी काही सुटत नव्हती. मी नारिंगी स्वेटर घालूनच बाहेर आलो. होय, तोच. आईच्या हातचा स्वेटर टाकवत नाही. आता तो आणखी घट्ट झाला आहे एवढंच.

"बाबा, मम्मा, लुक!" इला म्हणाली, आणि तिने फोन फिरवला.

हौद होता. तसाच, दगडी, काठ झिजलेला. मागे निळं घरही होतं. फक्त हौदावर आता एक पाटी होती. तिच्यावर एक ताटली काढलेली आणि तिच्यावरून लाल फुली. मराठी माणसाची युरोपने घेतलेली ही अधिकृत दखल पाहून माझा ऊर भरून आला.

"बस तिथे," मी म्हणालो. "काठावर. आजी बसली होती तशी. आता मान वर कर. उजवीकडे. काय दिसतं?"

ती बसली, आणि फोन समोर धरून तिने मान वर केली. पडद्यावर तिचा चेहरा आणि मागे आभाळ. आम्ही दोघं फोनवर वाकलो होतो. तेवढ्यात तिकडे एका घड्याळाचे ठोके पडले, आणि ते थांबल्यावर थोड्या वेळाने गावातल्या बाकीच्या घड्याळांचे.

"इथे एक जुनी वॉल आहे, टेकडीवर, टॉवर्सवाली," इला म्हणाली. "त्यातल्या एका क्लॉकला सगळ्यांच्या एक मिनिट आधी वाजायचा मान आहे, असं वाचलं मी. कूल ना? आणि समोरच्या टॉवरवर ना, वर लोक आहेत. एक अंकल हात करतायत कुणाला तरी. रेड जॅकेट. ही इज बॉल्ड."

"टक्कल आहे ते कसं कळलं?" सुवर्णाने विचारलं.

"मम्मा, दिसतंय ना. इट्स लाइक राइट देअर. सगळं क्लिअर दिसतं."

मी डेकच्या खुर्चीवर बसलो.

सगळं क्लिअर दिसतं. म्हणजे माझा स्वेटरवाला मनोरा हाच. मग मोतीबिंदू, ताट, "नाही रे बाबा," आणि माझ्या पाठीवरून तिने फिरवलेला हात. तिने पाहिलं होतं. आपला एवढा घोडा झालेला मुलगा, परक्या मुलखाच्या आभाळात बनियनवर उभा राहून आपल्यासाठी स्वेटर फिरवतोय, आणि मग त्याला दंडाला धरून खाली आणताहेत, हे तिने अथपासून इतिपर्यंत पाहिलं होतं, आणि आयुष्यात हसली नव्हती एवढी हसली होती. आणि मी जिना उतरून येईपर्यंत तिने तोंड पुसून घेतलं होतं. वीस-बावीस वर्षं मी तिच्या पार्किंगचं दुःख करत होतो, आणि तिने त्या पार्किंगमधून मला पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दिलं.

"बाबा? व्हॉट हॅपन्ड?"

सुवर्णाने तिला सगळं सांगितलं. मला वाचवायचा प्रयत्न न करता, बनियनसकट. आजीचं "मला काही दिसलं नाही" हेही सांगितलं. इला हसून हसून हौदात पडायची बाकी राहिली.

"बाबा, दाखव ना कसं केलं होतंस! प्लीज!"

"काहीतरीच काय. थंडी आहे."

"आजीला दाखवलंस. मला नाही?"

मी फोन सुवर्णाकडे दिला, डेकच्या पायरीवर चढलो आणि स्वेटर वरून ओढला. तो घट्ट. दोनदा डोक्यात अडकला. तिसऱ्यांदा सुटला तो आतल्या टीशर्टला घेऊनच. श्रूजबरीच्या गार वाऱ्यात, शनिवारी धुतलेल्या बनियनवर, पोट सुटलेला मी उभा राहिलो आणि नारिंगी स्वेटर हवेत गरागरा फिरवला. पलीकडच्या घरातले गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, ते थांबले. कुत्राही थांबला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हळूच हात वर करून मला हॅलो केलं. मी स्वेटर फिरवतच राहिलो.

दमलो तेव्हा खाली उतरून फोन हातात घेतला. इला काठावर बसली होती. एक हात छातीवर, डोळे बारीक झालेले, तोंड उघडं. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"दिसलो का गं?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले, ओठ घट्ट मिटले, चेहरा सरळ केला.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."